सुट्टीत ढीग कोण ढवळणार? (विद्यार्थी उपक्रमांवरच्या लेखनाला उत्तर)

पाचट (धागाकर्ता)

'उंटावरून' यांचं कालचं लेखन वाचलं. म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठांच्या आवारात मुलं जे हरित गट आणि मनःस्वास्थ्य गट काढतात ते टी-शर्ट, फलक आणि फोटो एवढ्यापुरतेच असतात. कचरा, पाणी, समुपदेशन ही पगारी माणसांची कामं, मुलांनी मुकाट अभ्यास करावा. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

टी-शर्टवरून भांडत नाही. रोप लावायला चाळीस जण आणि पाणी घालायला कुणी नाही, हेही खरंच. पण पगारी माणूस तक्रार आल्यावर येतो, आणि जे गळतं पण जमिनीवर वाहत नाही त्याची तक्रार कधीच येत नाही. फ्लशच्या टाकीच्या तळाचा रबर झिजला की पाणी गुपचूप भांड्यात उतरत राहतं, चोवीस तास. तपासणी अगदी सोपी आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका, १५-२० मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला की गळती पक्की. दोघं मिळून एका दुपारी एक मजला तपासतात. सोबत इमारतीच्या मुख्य मीटरचं रीडिंग पहाटे २ आणि ४ वाजता घ्या. त्या वेळात वापर जवळपास शून्य असायला हवा, आकडा पळत असेल तर कुठेतरी फुटलंय. पहाटे दोनला जागं कोण असतं, हे सांगायला नको.

वाचनालयाचंही तसंच. बंद खिडक्यांच्या गर्दीच्या हॉलमध्ये डोकं जड होतं, मुलं त्याला परीक्षेचा ताण म्हणतात. कार्बन डायऑक्साइड मोजा. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांतले भाग) आसपास असतो. आत १००० च्या बराच वर टिकून राहिला तर हवा खेळत नाही असं समजा. मीटर घेताना तो एनडीआयआर (अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणाऱ्या) पद्धतीचा आहे ना ते बघा. बरेच स्वस्त मीटर दुसरेच वायू हुंगून अंदाजाने आकडा दाखवतात, अत्तर फवारलं तरी उडी मारतात. आणि वापरण्याआधी उघड्यावर ठेवून ४२० च्या जवळ येतो का ते पाहा.

ही कामं कुठल्या पदाच्या जबाबदाऱ्यांत लिहिलेली असतात, तेवढं सांगावं.

उंटावरून

फ्लश तपासा, जरूर तपासा. पण मुलांचे गट फ्लशपासून सुरू करतात का हो? शंभरातले नव्वद खतापासून सुरू करतात. मेसच्या मागे ढीग, उद्घाटनाला कुलगुरू, तीन आठवड्यांत वास, सहा आठवड्यांत उंदीर, मग परीक्षा, मग सुट्टी. शेवटी माळी तो ढीग उचलून कचरागाडीत टाकतो. त्या माळ्याला विचारलं होतं का कुणी?

आणि वर जाहीरनामे! विद्यापीठांनी पर्यावरण जपावं म्हणून १९९० चा तालुआर जाहीरनामा, आरोग्य जपावं म्हणून २०१५ ची ओकानागन सनद. सह्या करणारे सह्या करून मोकळे, आणि मुलांना वाटतं आपण चळवळीत आहोत.

सेंद्रिय संताप

वास 'मुलांनी' केल्यामुळे येत नाही. हिशोब न केल्यामुळे येतो, आणि तो हिशोब पगारी ठेकेदारालाही जमत नाही.

शिजवलेल्या अन्नात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बन १५-२० भाग, ढिगाला हवा २५ ते ३०. ओलावा ५० ते ६० टक्के हवा, मेसच्या बादलीत तो ७०-८० असतो. म्हणजे सुकं काहीतरी घालायलाच लागतं, आणि चिमूटभर नाही. रोज १०० किलो उष्टं धरा, ते सव्वाशे ते पावणेदोनशे लिटर भरतं. त्याला आकारमानाने दुप्पट-तिप्पट सुकी पानं, म्हणजे रोज साडेतीनशे-चारशे लिटर. इथेच सगळे फसतात. पानगळ वर्षातून एका हंगामात होते, उष्टं रोज येतं. त्या हंगामात पानं गोळा करून, शक्य तर चुरडून, छपराखाली कोरडी साठवली नाहीत की तिसऱ्या महिन्यात सुकं संपतं आणि ढीग चिखल होतो. चुरडली की जागाही बरीच कमी लागते.

वासावरून दोष ओळखता येतो. नाकाला झोंबणारा अमोनिया म्हणजे नायट्रोजन जास्त, सुकं वाढवा. सडक्या अंड्याचा किंवा आंबूस वास म्हणजे हवा नाही, उलथा आणि सुकं घाला. मुठीत दाबून बघा: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर ओला, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कोरडा. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा, त्याहून लहान ढिगात उष्णता धरत नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यात खुपसा. ५५ अंशांवर सलग तीन दिवस राहिला तर रोगजंतूंची काळजी मिटली, पण ते बंदिस्त किंवा हवा दिलेल्या ढिगात. उघड्या ओळींच्या ढिगाला १५ दिवस आणि त्यात पाच वेळा उलथणं. पारा ६५ च्या पुढे गेला तरी उलथा, कामाचे जिवाणू भाजतात.

उंदरांचं उत्तर झाकण. प्रत्येक ताजा थर सुक्या पानांनी वीतभर झाकायचा, कडेला अन्न उघडं ठेवायचं नाही. यात अवघड काय आहे?

वायुपुत्र

एवढी कसरत करण्यापेक्षा बायोगॅस. १०० किलो उष्ट्यातून १० घनमीटरच्या आसपास वायू, म्हणजे साडेचार किलो एलपीजीइतकी उष्णता, रोज, त्याच मेसच्या शेगडीला. पानं साठवा, उलथा, थर्मामीटर खुपसा, काही नको. तुम्ही लोक ज्याला खत म्हणता त्यात निम्मी ऊर्जा वाफेबरोबर हवेत सोडता.

सेंद्रिय संताप

आणि त्याच १०० किलोत तुम्ही तेवढंच पाणी ओतता, मग रोज जवळपास २०० लिटर स्लरी (पातळ राडा) बाहेर पडते. ती कुठे जाते? आवारातल्या झाडांना रोज दोनशे लिटर घालत फिरणार आहात? की गटारात सोडून 'शून्य कचरा' लिहिणार?

शिवाय सुट्टीत बायोगॅसच्या टाकीला खाऊ कोण घालणार?

वायुपुत्र

सुट्टीत टाकी मरत नाही, हा खतवाल्यांचा आवडता गैरसमज. जिवाणू काही आठवडे उपाशी राहतात, गॅस कमी होतो, बस. टाकी मरते ती कॉलेज उघडतं त्या दिवशी, पहिल्याच सकाळी पूर्ण बादल्या ओतल्यावर. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन बनवणारे सावकाश. आम्ल साठतं, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि मिथेन थांबतो. पहिला आठवडा पाव भाग घाला, मग हळूहळू वाढवा, पीएच ६.८ ते ७.४ मध्ये ठेवा. घसरला तर खाऊ बंद आणि चुन्याची निवळी, बेताने. लिंबा-संत्र्याची सालं, हाडं, अंड्याची कवचं टाकायची नाहीत. आणि शेगडीकडे जाणाऱ्या नळीवर हायड्रोजन सल्फाइड गाळणारं लोखंडी किसाचं भांडं हवंच, नाहीतर बर्नर गंजतो. एक पान पुरेल एवढी माहिती आहे. भिंतीवर लावा.

स्लरीचं म्हणणं बरोबर आहे, हे लिहायला जड जातंय. गाळून पातळ भाग पुन्हा मिसळायला वापरला तर पाणी वाचतं, पण तोच तो फिरवला की क्षार आणि अमोनिया वाढतात. तेव्हा अर्धाच.

तिसरी घंटा

दोघांनी भांडू नये. आता २४ तासांत खत देणारी विजेची मशीनं मिळतात. संध्याकाळी टाका, दुसऱ्या दिवशी कोरडी पूड. वास नाही, उंदीर नाही, सुट्टीचा प्रश्न नाही. विद्यार्थ्यांनी निधी जमवून एक घ्यावं, संपला विषय.

सेंद्रिय संताप

नाही. नाही. नाही. विषय आत्ता सुरू झाला.

२४ तासांत खत होत नाही. ती मशीनं अन्न गरम करून, पाणी उडवून, दळतात. बाहेर येतं ते वाळवलेलं अन्न. खत म्हणजे सूक्ष्मजीवांनी खाऊन संपवलेलं अन्न, त्याला गरम टप्प्याचे काही आठवडे आणि वर मुरायला निदान महिना लागतो. ती पूड कुंडीत घातली की ओली होते, बुरशी धरते, वास सुटतो, मुळांजवळचा ऑक्सिजन खाते, आणि माती वाईट म्हणून मुलांना सांगितलं जातं. मीठ आणि तेल तर जसंच्या तसं राहतं. पाणी उडवायला लागणारी वीज वेगळीच. सौर पॅनलच्या फोटोशेजारी ते मशीन उभं असतं, हे विशेष.

सोबत येणाऱ्या 'कल्चर' पुड्यांचं तेच. अन्नात आणि पानांत लागणारे जिवाणू आधीच असतात. जुन्या खताची दोन घमेली नव्या ढिगात टाका.

तिसरी घंटा

एवढं अंगावर यायची गरज नव्हती. आकारमान ८०-९० टक्के घटतं, वाहतूक वाचते. ती टिकाऊपणात मोजत नाहीत का?

सेंद्रिय संताप

मोजतात. त्याला 'वाळवणं' म्हणा आणि ती पूड पुढे खताच्या ढिगात थोडी थोडी घाला, भांडण नाही. 'खत' म्हणून पाकिटात भरून पदवीदानाला वाटू नका.

कानोसा

खताच्या ढिगातून कुणी डोकं वर काढणार असेल तर: मूळ लेखनात मनःस्वास्थ्यही होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ते थर्मामीटरने मोजता येत नाही.

उंटावरून यांच्याशी माझं अर्धं जमतं. मुलांच्या गटांनी करू नये अशी एक गोष्ट सर्रास चालते: पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकून निनावी फिरवायची. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० आणि वर गेलं की नीट तपासणी हवी. पण नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला कुणी 'जवळपास रोज' लिहिलं आणि फॉर्म निनावी असेल तर तुम्ही काय करणार? तक्ता? जिथे त्याच दिवशी माणसापर्यंत पोहोचता येत नाही तिथे तो प्रश्न विचारू नये. सर्वेक्षणच हवं तर झोप, एकटेपणा, समुपदेशकाची वेळ मिळायला लागणारे दिवस विचारा, आणि फॉर्मच्या शेवटी मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत द्या.

मनःस्वास्थ्य 'सप्ताह' तर नकोच. ताण परीक्षेच्या आधी तीन आठवडे चढतो, सप्ताह सोयीच्या तारखेला असतो.

पाचट

पण मग नाइटलाइनचं, म्हणजे रात्री फोनवर ऐकून घेणाऱ्या सेवेचं काय? १९७० मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात सुरू झाली, रात्री फोन विद्यार्थीच उचलतात. समुपदेशकाचं दार संध्याकाळी बंद होतं. ही पोकळी पगारी व्यवस्थेने भरली नाही, मुलांनी भरली.

कानोसा

भरली, कारण त्यांनी ऐकण्यापलीकडे काही करायचं नाही हे आधी ठरवलं. सल्ला नाही, निदान नाही, 'मलाही असंच झालं होतं' नाही. आधी प्रशिक्षण, पाळीला एकटं बसायचं नाही, पाळी संपल्यावर दुसऱ्या कुणाशी तरी बोलून मोकळं व्हायचं. जीव धोक्यात वाटला तर काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं. लहान आवारात तर आवाज ओळखू येतो, तेव्हा ऐकणारा आपल्याच वर्गाचा नसावा. यातलं एक गाळलं की ऐकणाराच आजारी पडतो.

'द्वारपाल' प्रशिक्षणांबद्दलही (धोक्यातला माणूस ओळखून त्याला मदतीकडे न्यायला शिकवणाऱ्या) जपून बोला. दोन तासांत लोकांची माहिती आणि विचारायचं धाडस वाढतं, हे दिसतं. त्याने आत्महत्या घटतात याचा पुरावा कमकुवत आहे. प्रशिक्षण द्या, पण मदतीची जागा वाढवा. नाहीतर दहा जण ओळखतील आणि अकरावा महिनाभर रांगेत.

उंटावरून

म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त आकडे घालून. पगारी समुपदेशक वाढवा, पगारी माळी ठेवा. मोजायला मुलं चालतील, मी कुठे नाही म्हटलं? (म्हटलं होतं. असो.)

पाचट

मोजणं म्हणजे किरकोळ काम नाही. मेसमधलं उष्टं मोजायचं तर तीन वेगळ्या बादल्या लागतात: ताटातलं, न वाढता उरलेलं, आणि निवडताना-चिरताना निघालेलं. सगळे फक्त पहिली मोजतात आणि मुलांना नावं ठेवतात. दुसरी बादली भरत असेल तर चूक स्वयंपाकघराच्या अंदाजाची, आणि त्यावर उपाय आदल्या रात्रीची हजेरी. कुठली तुकडी उद्या बाहेर आहे, हे मुलांनाच माहीत असतं. सलग दोन आठवडे मोजा, कारण जेवणाचा फेरा बहुधा आठवड्याचा असतो आणि शनिवार-रविवार वेगळेच असतात. वजनकाट्यावर रिकाम्या बादलीचं वजन वजा करायला विसरतात, तेही लिहून ठेवा.

आणि सुट्टीचं म्हणाल तर ढीग सुट्टीत ढवळायचाच नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत नवं घालणं बंद, एकदा उलथून, ओलावा बघून, पानांनी झाकून मुरायला सोडा. बंद करायची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकावरून मागे मोजून वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहा. गटातलं पद दोन वर्षांचं ठेवा, पहिलं वर्ष जुन्याच्या हाताखाली. छपराची किल्ली, थर्मामीटर आणि नोंदवही मात्र एका पगारी माणसाकडे, त्याच्या कामात लिहून. उंटावरून यांना एवढी किल्ली दिली.

तिसरी घंटा

ते सगळं ठीक. पण मशीनबद्दल इथे एकतर्फी लिहिलं जातंय. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट 'खत' लिहिलेलं असतं.

सेंद्रिय संताप

माहितीपत्रक बाजूला ठेवा. मूठभर पूड घ्या, पाणी शिंपडून ओलसर करा, बरणीत झाकण लावून तीन दिवस सावलीत ठेवा. मग उघडून हुंगा. मुरलेल्या खताला मातीचा वास येतो. दुसरी चाचणी: पूड आणि माती निम्मी निम्मी घेऊन मुळ्याचं बी टाका, शेजारी नुसत्या मातीतही टाका, आठवड्याने दोन्हीकडचे कोंब मोजा. निकाल इथेच लिहा.

उंटावरून

बरणी कुणाच्या खोलीत ठेवायची, ते मात्र विद्यार्थ्यांनीच ठरवावं. त्यात प्रशासनाने पडू नये.