'पायरसी'ला मराठीत काय म्हणावे: चाचेगिरी, चोरी की परवानाभंग?

प्रश्न: आमच्या संस्थेसाठी संगणकवापराची नियमावली मराठीत लिहीत आहे. सॉफ्टवेअरच्या 'पायरसी'साठी कुठे 'चाचेगिरी' तर कुठे 'चोरी' असे वाचले आहे. यांपैकी नेमका शब्द कोणता?

उत्तर: माझ्या मते दोन्ही टाळावेत. परवानगीवाचून पुस्तके छापणाऱ्यांना समुद्री लुटारूंची उपमा देण्याची रीत इंग्रजीत संगणकाच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातच पडली होती, आणि 'चाचेगिरी' हे तिचेच भाषांतर आहे. मराठीत मात्र या शब्दाला वेगळी आठवण चिकटलेली आहे. दस्तक न घेता जाणारी गलबते सरखेल कान्होजी आंग्रे अडवत, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचे ठरवले. वस्तुतः दस्तक हा परवानाच होता आणि ते त्याची अंमलबजावणी करत होते.

'चोरी' हा शब्द सर्वांना कळतो, पण चोरीत वस्तू मालकाच्या हातून जाते, तशी ती प्रत काढल्याने जात नाही. म्हणून हे कृत्य निर्दोष ठरते असे मुळीच नाही, कारण सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याचा मोबदला आणि त्याने घातलेली अट, दोन्ही त्यात बुडतात. 1957च्या कॉपीराइट कायद्याची भाषाही हक्काच्या उल्लंघनाची आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास कलम 63बी खाली 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने सुरक्षिततेसाठी जादा प्रत काढून ठेवण्यास हाच कायदा मुभा देतो.

मी 'परवानाभंग' सुचवतो. एका संगणकाचा परवाना घेऊन तीच प्रणाली (सॉफ्टवेअर) पाच संगणकांवर बसवणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही, कारण त्याने पैसे दिलेले असतात. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालच्या प्रणालीत बदल करून ती स्रोतसंहिता (सोर्स कोड) न देता इतरांना विकणारा, किंवा ओएफएल या मुक्त टंकांच्या परवान्याखालचा देवनागरी टंक (फॉन्ट) सुटा विकायला ठेवणारा, यांनी तर फुकट मिळालेलीच वस्तू घेतलेली असते. तरीही अट मोडलेली आहे, आणि मला हा दोष क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारी, प्रत वापरण्याइतकाच गंभीर वाटतो. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असे आपण सरसकट धरतो, त्यामुळे तो दिसतच नाही.

प्रश्न: मग 'अनुज्ञप्तिभंग' का नको? सरकारी कागदांत 'अनुज्ञप्ती' असते.

उत्तर: 'शिकाऊ अनुज्ञप्ती' कागदावर लिहिली जाते, पण बोलताना सगळे लायसन्सच म्हणतात. 'परवाना' फारसीतून आला असला तरी दारूच्या दुकानापासून बंदुकीपर्यंत सर्वत्र रुळलेला आहे. बोलण्यात 'विंडोज टाकून दे' एवढेच म्हटले जाते आणि परवान्याचा उल्लेखही होत नाही, म्हणून नियमात तो स्पष्ट यायला हवा: 'परवान्यात नमूद केलेल्या संख्येपेक्षा अधिक संगणकांवर प्रणाली बसवणे हा परवानाभंग समजला जाईल.'