तपासणीच्या कागदावर मी ‘बाह्य इजा नाही’ असं लिहिलं. आता काय करू?

प्रश्न : रात्रपाळी_डॉक्टर

नोकरीला लागून सात महिने झाले. कोठडीतून आणलेल्या माणसांना तपासून कागदावर सही करणं हे माझ्या रोजच्या कामांपैकी एक. त्यासाठी छापील फॉर्म असतो. इजा लिहायला त्यात दीड ओळ जागा आहे.

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा एका तरुणाला आणलं. पंचविशीच्या आतला असेल. सोबतचे दोन्ही पोलीस खोलीतच थांबले, एक तर माझ्या टेबलाला टेकून. मी विचारलं, “काही त्रास होतोय का?” त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही मॅडम.” उठून जाताना मात्र तो पूर्ण पाऊल टेकवत नव्हता, तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर चालत होता. मला ते दिसलं. तरी मी त्याचे पाय बघितले नाहीत. “आटपा मॅडम, अजून दोघं आहेत बाहेर,” असं टेबलाजवळचा म्हणाला आणि मी ‘बाह्य इजा नाही’ लिहून सही ठोकली. चार मिनिटांत सगळं झालं.

तीन दिवसांनी तोच मुलगा पुन्हा आला, ताप म्हणून. या वेळी मला अर्धा मिनिट एकटीला मिळालं. पाय दाखव म्हटलं, तर त्याने दाखवले. तळव्यांना सूज होती, कमानीजवळ काळंनिळं पडलं होतं. मी पेन उचललं तसा तो हळूच म्हणाला, “लिहू नका. मला परत तिथंच जायचंय.”

मी ताप लिहिला, गोळ्या दिल्या. तेव्हापासून मला नीट झोप नाही. पहिला कागद बदलता येईल का? खोलीतून पोलिसांना बाहेर कसं काढायचं? आणि जो स्वतःच लिहू नका म्हणतो, त्याचं काय करायचं? इथे कुणी हे काम केलेलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर : जुना_न्यायवैद्यक

डॉक्टर, बत्तीस वर्षं मी हेच काम केलं. तुमचे ते चार मिनिटं माझ्याही वाट्याला आले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तातडीचं. त्या मुलाची लघवी तपासली का? तळव्यांवर मारलं तर मांड्या-पोटऱ्याही सहसा सोडलेल्या नसतात. खूप मार बसला की स्नायू फुटतात, त्यातला द्रव्यांश रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लघवी गडद, चहासारखी होते. उद्या सकाळी हे पहिलं बघा. ताप म्हणून आलाच आहे, बोलावून घ्यायला तेवढं कारण पुरे.

पहिल्या कागदाला हात लावू नका. खाडाखोड नको, पान बदलणं तर अजिबात नको. नवीन नोंद करा, आजची तारीख आणि वेळ घालून: अमुक दिवशीची तपासणी पोलिसांच्या उपस्थितीत झाली, पाय उघडून पाहिले नव्हते, चालण्यात दोष दिसला होता. आपली चूक आपणच लिहिलेली असली तर त्या कागदाला वजन येतं. ‘इजा नाही’ आणि ‘इजा पाहिली नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या बाबतीत खरं काय ते दुसरं.

पोलिसांना बाहेर काढण्याबद्दल. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांच्या वागणुकीविषयीचे किमान नियम आहेत, 2015 पासून त्यांना मंडेला नियम म्हणतात. त्यातला एकतिसावा नियम सांगतो की वैद्यकीय तपासणी पूर्ण गोपनीयतेत व्हायला हवी. भांडू नका. “दार लोटून बाहेर थांबा, मला कपडे उतरवून तपासायचं आहे,” एवढंच रोज, प्रत्येकासाठी, एकाच आवाजात म्हणा. एखाद्याच कैद्यासाठी म्हणालात तर तो नजरेत येतो. सगळ्यांसाठी म्हणालात तर ती तुमची पद्धत होते. तरी नाहीच हलले, तर कोण उभं होतं, तपासणी कधी सुरू झाली, कधी संपली, हे नोंदीत घाला. मला आठवतं, मी असं लिहायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माणसं आपणहून दाराबाहेर थांबू लागली.

आता लिहायचं काय. यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, म्हणजे छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, 1999 ची, 2022 मध्ये सुधारलेली. तो वाचाच. त्याचं मूळही सांगण्यासारखं आहे. 1993 मध्ये तुर्कस्तानात बाकी एर्दोगान नावाचा माणूस कोठडीत मेला. सरकारी शवविच्छेदनाने मृत्यूचं खापर उपोषणावर फोडलं. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने पर्यायी अहवाल तयार केला. मेलेल्यांसाठी तपासाची पद्धत तेव्हा होती. जिवंतांसाठीही ती हवी, हा विचार त्यातून पुढे गेला.

प्रोटोकॉल प्रत्येक खुणेसाठी पाच पायऱ्या देतो. सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नाही, जुळते पण इतर कारणंही असू शकतात, चांगलीच जुळते, अशा इजेत नेहमी असंच दिसतं, आणि दुसऱ्या कशानेही असं होणार नाही. बहुतेक वेळा तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असाल. त्यात कमीपणा नाही. उगाच पाचवी पायरी लिहिलीत तर उलटतपासणीत सगळाच अहवाल कोसळतो. शरीराच्या आकृतीवर खुणा काढा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. दांड्याचा वळ दोन समांतर रेघांसारखा उमटतो, मधली जागा फिकट. सावळ्या कातडीवर तो डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा बोटांनी दाबून दुखरेपणा आणि सूज शोधा. कानशिलात मारलेलं असेल तर पडदा बघा, फाटलेला पडदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि पुरावा जातो. हात मागे बांधून टांगलं असेल तर खांद्यांची ताकद आणि हातांच्या बधिरपणाची तपासणी. आणि काहीच सापडलं नाही तर ‘छळ झाला नाही’ असं कधीही लिहू नका. खूप मारूनही खूण राहत नाही असे प्रकार मुद्दाम निवडले जातात. झोप, दचकणं, आठवणींचे झटके, हेही निष्कर्षच आहेत.

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि त्यावर मला स्वतःला फार वर्षं लागली. मंडेला नियमांपैकी चौतिसावा म्हणतो की छळाच्या खुणा दिसल्या तर डॉक्टरने नोंद करून सक्षम अधिकाऱ्यांना कळवावं. पण त्याच नियमात पुढे आहे की असं करताना कैद्याला किंवा त्याच्या माणसांना दिसत असलेल्या धोक्यात टाकू नये. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पायाला सूज आहे, ही वैद्यकीय नोंद. ती तुम्ही उपचारासाठी करताच, आणि ती गोपनीय कागदपत्रांत राहते. कुणी मारलं, कधी, कशाने, ही त्याची हकिकत. ती बाहेर पाठवायची की नाही, हे त्याला समजावून, त्याच्या संमतीने. नाही म्हणाला तर त्याचं ‘नाही’ही लिहा आणि दार उघडं ठेवा: “पुढे कधी वाटलं तर ही नोंद माझ्याकडे आहे.” तुमच्याकडे कायद्याने कळवणं सक्तीचं असेल तर ते त्याला तोंड उघडण्याआधी सांगा. मागाहून सांगणं म्हणजे दगा.

एकाच ठिकाणहून येणाऱ्या माणसांत एकसारख्या खुणा दिसत असतील, तर नावं न देता तेवढंच वरिष्ठांना किंवा पाहणीला येणाऱ्या स्वतंत्र मंडळाला कळवता येतं. त्यात कुणी एक उघडा पडत नाही.

एक नाव सांगून थांबतो. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीत मेंदूच्या इजेने गेले. त्याआधी त्यांना तपासणाऱ्या आयव्हर लँग या सरकारी डॉक्टरने काही विकृती आढळत नाही असं प्रमाणपत्र दिलं होतं. आठ वर्षांनी, 1985 मध्ये, त्याच पोर्ट एलिझाबेथमध्ये त्याच लँगच्या हाताखाली वेंडी ऑर नावाची तरुण डॉक्टर लागली, तुमच्यासारखीच नवी. ती रोज कैद्यांच्या अंगावरचे वळ लिहून ठेवत गेली आणि त्या नोंदी घेऊन न्यायालयात गेली. न्यायालयाने पोलिसांना कैद्यांवर हात उचलायला मनाई केली. तिला त्या कामावरून दूर केलं गेलं, हेही खरं. पण दोघांच्या हातात फॉर्म तोच होता.

उत्तर : वकील_बाई

डॉक्टरसाहेबांनी नोंदीचं सांगितलं, ती नोंद पुढे कुठे उपयोगी पडते ते मी सांगते.

माणूस धडधाकट आत गेला आणि जखमी बाहेर आला, तर त्या जखमा कशा झाल्या याचं पटेल असं स्पष्टीकरण सरकारने द्यायचं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने 1999 मध्ये सेल्मूनी विरुद्ध फ्रान्स या खटल्यात हे ठामपणे धरलं आणि फ्रान्सला छळासाठी दोषी ठरवलं. तो निकाल उभा राहिला कोठडीदरम्यान आणि नंतर डॉक्टरांनी केलेल्या नोंदींवर. आत जाताना धडधाकट, हे सिद्ध करायलाही कागदच लागतो. म्हणून अटकेनंतर लगेचची पहिली तपासणी अत्यंत महत्त्वाची, आणि तीच सगळ्यांत घाईत उरकली जाते.

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार 1984 चा. त्यातलं दुसरं कलम सांगतं की युद्ध असो, आणीबाणी असो, वरिष्ठांचा हुकूम असो, छळाला कुठलीच सबब चालत नाही. बाराव्या कलमाप्रमाणे छळ झाल्याचं मानायला वाजवी कारण असेल तर तत्पर आणि निःपक्षपाती चौकशी व्हायला हवी. त्यासाठी पीडिताने तक्रार करायलाच हवी असं त्यात नाही. तुमची नोंद हेच ते कारण होऊ शकतं. पंधराव्या कलमाप्रमाणे छळातून काढलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही, चालतो तो फक्त छळ करणाऱ्याविरुद्ध.

2002 च्या पूरक करारामुळे पूर्वसूचना न देता कोठड्यांची पाहणी करणारी, कैद्यांशी एकांतात बोलणारी मंडळं आली. 2016 मध्ये 16 देशांतल्या 30 वर्षांचा एक मोठा अभ्यास झाला. छळ कमी व्हायला सगळ्यांत जास्त हातभार कशाचा लागतो, तर अटकेनंतरच्या पहिल्या तासांत प्रत्यक्ष पाळल्या जाणाऱ्या साध्या गोष्टींचा: घरच्यांना कळवणं, वकील भेटणं, स्वतंत्र डॉक्टर भेटणं. कायद्यात लिहिलेलं असणं आणि ठाण्यात घडणं यांतलं अंतर कमी झालं की मार कमी होतो. डॉक्टर, तुमच्या त्या खोलीत हेच ठरतं.

उत्तर : धाकटी_बहीण

मी डॉक्टर नाही, वकील नाही. माझा भाऊ सहा दिवस कोठडीत होता. सुटून आला तेव्हा त्याच्या कागदावर चार शब्द होते, ‘पायऱ्यांवरून पडल्याने किरकोळ इजा’. खाली सही, ती वाचताही येत नव्हती.

त्या चार शब्दांनी आमची नऊ वर्षं खाल्ली. जिथे गेलो तिथे तोच कागद पुढे यायचा. “डॉक्टरने लिहिलंय ना पडला म्हणून?” भाऊ बोलायचाच बंद झाला. आपण खरंच पडलो होतो का, असं एकदा त्याने मला विचारलं. मला वाटतं त्याला मारापेक्षा त्या कागदाने जास्त मोडलं.

मग छळ झालेल्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रातल्या बाईंनी त्याला तीन बैठकांत तपासलं. पहिल्या बैठकीत त्यांनी फक्त विचारलं की खुर्ची दाराकडे तोंड करून हवी की पाठ करून. अशी केंद्रं मुळात डॉक्टरांमुळेच उभी राहिली, इंगे गेनेफके या डॅनिश डॉक्टरने 1982 मध्ये कोपनहेगनला पहिलं केंद्र काढलं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्या बाईंनी चार पानांचा अहवाल दिला. उजव्या खांद्याचं, झोपेचं, दार आपटलं की त्याला काय होतं त्याचं. भावाने तो स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग मला म्हणाला, “बघ, लिहिलंय.”

खटला अजून चालू आहे. करारातल्या चौदाव्या कलमात भरपाई आणि शक्य तितकं पूर्ण पुनर्वसन दोन्ही आहे, पण मिळायला किती काळ लागतो ते चाडच्या लोकांना विचारा. तिथला हुकूमशहा हिसेन हाब्रे, त्याची राजवट 1990 मध्ये गेली. सुलेमान गेंगेंग तुरुंगातून सुटले आणि बाकीच्या पीडितांच्या हकिकती गोळा करत राहिले. हाब्रेला डाकारमध्ये जन्मठेप झाली ती 2016 मध्ये, सव्वीस वर्षांनी. भरपाई मंजूर झाली, आणि तिच्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षं वाट. तेवढी वर्षं त्यांचं म्हणणं तगलं ते लिहून ठेवलं होतं म्हणून.

डॉक्टरताई, मला तुमचा राग आला होता, पहिला परिच्छेद वाचताना. शेवटपर्यंत वाचल्यावर गेला. आमच्या कागदावर सही करणाऱ्याने असा प्रश्न कधी कुणाला विचारला असेल का, माहीत नाही. तुम्ही विचारलात. त्या मुलाला परत बोलवा.

उत्तर : तपास_अधिकारी_निवृत्त

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. थोडंच लिहितो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी मार पाहिला आणि थांबवला नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि तिथेच तपास संपतो, कारण खरा आरोपी शोधायची मग कुणाला गरज वाटत नाही. इंग्लंडमध्ये गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटात चार जण दडपणाखाली दिलेल्या कबुलीवर आत गेले आणि 1989 मध्ये निर्दोष सुटले. तोवर सुमारे पंधरा वर्षं गेली होती. त्या देशाने नंतर चौकशीची पद्धतच बदलली: ध्वनिमुद्रण, मोकळे प्रश्न, आधी ऐकून घेणं. चौकशी मारहाणीशिवाय कशी करावी याविषयीची 2021 ची आंतरराष्ट्रीय मेंडेझ तत्त्वं तेच सांगतात. डॉक्टर, दाराबाहेर जा म्हटल्यावर कुरकुर करणाऱ्यांतले काही जण मनातून सुटकेचा श्वास टाकतील. मी टाकला असता.

रात्रपाळी_डॉक्टर

सगळ्यांची ऋणी आहे. आज सकाळी त्याला तापाच्या फेरतपासणीसाठी बोलावलं. लघवी तपासली, रक्त पाठवलं. लघवी गडद नव्हती, रक्ताचा अहवाल संध्याकाळी येईल. बाहेर थांबा म्हणताना माझा आवाज कापला, पण त्याच्या आधीच्या दोघांनाही मी तेच म्हटलं होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. एकाने दार जोरात लोटलं, एवढंच.

पाय, पोटऱ्या, डावी मांडी. मोजपट्टी ठेवून अकरा फोटो. पहिल्या तपासणीबद्दलची नवी नोंद त्याच्यासमोर लिहिली आणि त्याला वाचून दाखवली. हकिकत बाहेर पाठवायला त्याने आज तरी नाही म्हटलंय, तेही लिहिलं. निघताना त्याने विचारलं की ही वही कुठे राहते. मी कपाट दाखवलं. बहीण येऊन भेटू शकते का, असं विचारलं त्याने मग. त्याच्या घरी अजून कुणी कळवलेलंच नाही, हे मला तेव्हा समजलं. वकील_बाई, कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवाल का? हे आजच करायला हवं.