मदत हवी आहे : पर्यटनावर पोट असलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी संकटनिधी कसा उभारावा?

नमस्कार.

मी ग्वाल्हेरला राहतो आणि पर्यटकांवर मिळकत अवलंबून असलेल्या छोट्या व्यावसायिकांच्या एका स्थानिक संस्थेचे चिटणीसपद सांभाळतो. किल्ल्यावरचे गाईड, ऑटो आणि टॅक्सीवाले, लश्कर भागातले लॉजमालक, चंदेरी साड्यांचे आणि गजकाचे दुकानदार असे आमचे सभासद आहेत. सध्या संस्थेची घटना दुरुस्त करण्याचे काम चालू असून, करोनासारखे संकट पुन्हा आले तर हाताशी असावा असा निधी तिच्यात समाविष्ट करावा, असे कार्यकारिणीचे मत आहे. त्याच्या रचनेविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके १७ मार्च २०२० रोजी बंद झाली ती ६ जुलै रोजी उघडू लागली, आणि १६ एप्रिल २०२१ पासून दोन महिने ती पुन्हा बंद राहिली. ही दोन्ही कुलपे मुख्यतः उन्हाळ्यात लागली होती, आणि उन्हाळ्यात ग्वाल्हेरला तसाही कोणी फारसे फिरकत नाही. त्यामुळे नुसत्या तारखा पाहणाऱ्याला आमचे नुकसान बेताचेच वाटते. खरा फटका बसला तो मधल्या हिवाळ्यात. आमचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्या वर्षी किल्ल्याचे दरवाजे उघडे होते, पण परदेशी पर्यटक नव्हते (पर्यटक व्हिसा सर्वसाधारणपणे १५ नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागला) आणि देशातले लोकही जपूनच घराबाहेर पडत होते.

सरकारी मदत नव्हती असे मी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक योजनेला एक उंबरठा होता. बँकांमार्फत दिलेले हमी असलेले आपत्कालीन कर्ज २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर आधीचे कर्ज शिल्लक होते त्यालाच मिळे. म्हणजे ज्याने आयुष्यभर ऋण काढले नाही तो बाहेर. जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पर्यटन क्षेत्राच्या कर्जहमी योजनेत गाईडला एक लाखापर्यंत आणि प्रवासी व्यावसायिकाला दहा लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज होते, पण त्यासाठी सरकारी मान्यता हवी होती. फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतले पहिले दहा हजार रुपये आमच्या काही सभासदांना मिळाले. गाईडच्या हाताखालची मुले, लॉजमधले नोकर आणि भाड्याची ऑटो चालवणारे मात्र यातल्या कुठल्याच चौकटीत बसले नाहीत.

त्या काळात संस्थेने किराणा वाटला, काही दुकानांच्या मालकांना भेटून भाडे कमी करून घेतले आणि गजक व साड्यांच्या मागण्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन पार्सले रवाना केली. या सर्वांपेक्षा उपयोगी ठरले ते सर्वांत कमी खर्चाचे काम, ते म्हणजे कागदपत्रे समजणाऱ्या एका माणसाने रोज कार्यालयात बसून सभासदांचे अर्ज भरणे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना आहे, एवढ्या कारणावरून कितीतरी अर्ज अडत होते.

आता निधीविषयी. काही तरुण सभासद कूपनांच्या बाजूचे आहेत : ग्राहकाने आज पैसे भरावेत आणि परिस्थिती निवळल्यावर मुक्काम किंवा खरेदी करावी. ते स्लोव्हेनियाचे उदाहरण देतात. त्या देशाने २०२० मध्ये प्रत्येक प्रौढ रहिवाशाला दोनशे युरोचे पर्यटन कूपन दिले, हे खरे. पण ते पैसे सरकारने भरले होते. आमच्याकडे कूपन म्हणजे पुढल्या हंगामाची कमाई आज खाऊन टाकणे होईल, आणि हंगाम आल्यावर खोल्या भरलेल्या असूनही गल्ला रिकामा राहील. शिवाय माझ्या समजुतीप्रमाणे एखाद्या दुकानदाराने केवळ स्वतःच्या मालासाठी दिलेले कूपन चालते, परंतु एका संस्थेने विकलेले आणि अनेक दुकानांत चालणारे कूपन रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेत येते. म्हणून सभासदांच्या वर्गणीतून फिरता निधी उभारून त्यातून छोटी बिनव्याजी उचल द्यावी, असे मला वाटते. आमची नोंदणी मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली आहे. अशा संस्थेला हे करता येईल का, आणि निधी केव्हा खुला करायचा हे घटनेत कोणत्या शब्दांत लिहावे, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाहीत?

प्रतिसाद १

मी बडोद्यात लेखापरीक्षणाचे काम करतो. कूपनांविषयी आपले म्हणणे मला पटते, परंतु फिरत्या निधीतही एक खाच आहे. वर्गणी परत देण्याच्या बोलीवर घेतली तर ती ठेव समजली जाऊ शकते, आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांना बंदी घालणाऱ्या कायद्याची अडचण उभी राहू शकते. त्यामुळे वर्गणी परत मिळणार नाही, हे घटनेत स्पष्ट लिहावे. लाभ फक्त सभासदांनाच मिळणार असेल तर देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणे अवघड जाईल; बिगरसभासद कामगारांसाठी वेगळा धर्मादाय न्यास करण्याचा विचार करावा. निधी खुला करण्यासाठी स्मारके बंद करण्याचा सरकारी आदेश ही खूण धरावी, म्हणजे कार्यकारिणीच्या मर्जीचा प्रश्नच येणार नाही. अंतिम मसुदा मात्र आपल्याकडच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

धागाकर्त्याचे उत्तर

आभारी आहे. वर्गणीचा मुद्दा आमच्या लक्षात आला नव्हता, आणि वेगळ्या न्यासाची सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. आदेशाच्या खुणेविषयी मात्र शंका आहे, कारण वर लिहिल्याप्रमाणे आमचा सर्वांत वाईट हंगाम स्मारके उघडी असताना गेला. नियम तसा असता तर नेमक्या त्या हिवाळ्यात निधीला कुलूप राहिले असते. त्याऐवजी किल्ल्यावरच्या तिकीटविक्रीचा मासिक आकडा आधीच्या तीन वर्षांतल्या त्याच महिन्याच्या सरासरीच्या निम्म्याखाली गेला की निधी खुला व्हावा, असा विचार करतो आहे. एखाद्या स्मारकाचे असे मासिक आकडे पुरातत्त्व खात्याकडून नियमितपणे कसे मिळवता येतात? माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला तीस दिवसांपर्यंत मुदत असते, आणि तेवढा उशीर या कामात परवडणारा नाही. इंदूर किंवा औरंगाबादकडच्या कोणी असे आकडे मिळवले असल्यास अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे केला होता, ते कृपया कळवावे.