‘चोअर’ला मराठीत काय म्हणावे? व्हिएतनामी विद्यार्थ्यांची घरकामे, नोकरी आणि फावला वेळ

पुस्ती:
मी व्हिएतनाममधील विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. आमच्या गटात मराठी भाषक शिक्षिका बऱ्याच आहेत, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीतून एक मार्गदर्शिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नोकरी, फावला वेळ आणि घरकाम या पाठापाशी ते अडले आहे. एका मुलीने निबंधात लिहिले, ‘आय डू होमवर्क विथ माय मदर एव्हरी मॉर्निंग.’ व्याकरणात चूक नसल्यामुळे तपासणारीने त्यावर बरोबरची खूण केली. मुलीला मात्र आईबरोबर केर काढते, भांडी घासते असे सांगायचे होते. व्हिएतनामीत घरकामाला ‘विएक न्या’ म्हणतात. ‘विएक’ म्हणजे काम आणि ‘न्या’ म्हणजे घर. या दोन शब्दांच्या जागी एकेक इंग्रजी शब्द ठेवला की ‘होमवर्क’ तयार होतो. गृहपाठाला त्यांच्याकडे ‘बाय ताप वे न्या’ असा निराळा आणि लांबलचक शब्द आहे.

या मुलीला ‘चोअर’ हा शब्द द्यायला हवा होता, म्हणून मार्गदर्शिकेत मी ‘चोअर म्हणजे घरकाम’ असे लिहिले. सहकारी शिक्षिकेने ते खोडून ‘किरकोळ कामे’ केले. तिच्या मते घरकाम म्हणजे हाउसवर्क. चोअर हे त्यातले एकेक सुटे काम असते, ते मोजता येते, रोज करावे लागते आणि करायचा कंटाळाही येतो. या सगळ्या छटा येतील असा मराठी शब्द कोणता?

जुने मास्तर:
‘किरकोळ कामे’ हा शब्द कृपया ठेवू नये. पाहुण्यांची पंगत उठल्यावर ज्या माणसाने मोरीत बसून सगळी भांडी घासली आहेत, तो त्या कामाला किरकोळ म्हणणार नाही. आपल्याकडे ‘वरकाम’ हा नेमका आणि जुना शब्द आहे. केर, भांडी, धुणे, पाणी भरणे, निवडणे-टिपणे हे सगळे त्यात येते, आणि ही कामे सुटी सुटी असतात हेही त्यातून कळते. घरातला शब्द असताना तो शोधायला बाहेर जाण्याचे कारण नाही.

ओवी:
मास्तर, ‘वरकाम’ मलाही प्रिय आहे, पण येथे तो दोन ठिकाणी अडतो. ‘स्वयंपाकाला एक बाई आणि वरकामाला दुसरी’ असे आपण म्हणतो, म्हणजे वरकामातून स्वयंपाक वगळलेला असतो. इंग्रजीत रोजचा स्वयंपाक चोअरमध्ये धरतात. दुसरे असे की वरकाम हे बहुधा दुसऱ्याकडून मोल देऊन करून घेतलेल्या कामाचे नाव आहे. ‘आज सकाळी मी वरकाम केले’ असे स्वतःच्या घराबद्दल बोलताना मी कोणाला ऐकलेले नाही.

माझ्या आजीच्या तोंडी या अर्थाचा एकच एक शब्द कधी आला नाही. ती धुणीभांडी, केरवारे, झाडलोट, सडासारवण, उष्टीखरकटी, आवराआवर असे जोडशब्द वापरत असे, आणि त्यांतला कोणता निघाला यावरून दिवसाचा कोणता प्रहर चालू आहे हे आम्हाला कळत असे. मराठीने बहुधा ही कामे जोडीजोडीनेच पाहिली आहेत. मार्गदर्शिकेत एक शब्द देण्याचा हट्ट सोडून असे जोडशब्द द्यावेत.

सायगॉनकर:
मी बराच काळ हो ची मिन्ह शहरात राहिलो आहे. तिथले जुने रहिवासी अजूनही त्याला सायगॉन म्हणतात, म्हणून मीही. पुस्तीताई, ‘चोअर’पेक्षा मोठी अडचण ‘वॉश’ या साध्या शब्दाशी आहे. व्हिएतनामीत हात, भाजी, भांडी, मोटार धुण्याला ‘रुआ’, कपडे धुण्याला ‘यात’, केस धुण्याला ‘गोय’ आणि अंग धुण्याला ‘ताम’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. हे उच्चार दक्षिणेकडचे आहेत, हनोईकडे ‘यात’चा ‘झात’ होतो, आणि चढउतारांचे सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत ते नाहीतच. कपड्यांना ‘रुआ’ म्हटले तर तिथले लहान मूलही तुम्हाला सुधारते. त्या मुलाला इंग्रजी सगळीकडे एकच ‘वॉश’ देते, तेव्हा त्याला ती भाषा अपुरी वाटते.

मराठी शिक्षिकेला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपणही भांडी घासतो, पेला विसळतो, कपडे धुतो आणि खळबळून पिळतो, आणि डोक्यावरून आंघोळ करण्याला ‘न्हाणे’ म्हणतो. माझ्या गल्लीत शेजारीण संध्याकाळी दाराबाहेर ठेंगण्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून भांडी करीत असे. आधी भाताचे सगळे वाडगे साबणाने घासून एकात एक रचायचे, मग चॉपस्टिकची जुडी दोन्ही तळव्यांत धरून एकमेकींवर चोळायची, आणि शेवटी सगळे दोन पाण्यांतून काढायचे. हे पाहताना मला सतत ‘घासणे’ आणि ‘विसळणे’ आठवत असे. ‘वॉश’ कधीच नाही.

शिवाय व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी श, स, च असे ध्वनी येत नाहीत आणि शेवटचे क, त, प तोंडातच अडवले जातात. त्यामुळे ‘वॉश’, ‘वॉच’ आणि ‘व्हॉट’ ऐकताना जवळजवळ सारखे वाटतात. ‘आय वॉच द डिशेस’ असे कानावर आले तर ती शब्दाची चूक आहे की उच्चाराची, हे आधी लिहून घेऊन तपासावे.

ओवी:
हे फार महत्त्वाचे आहे. ‘डू’ आणि ‘मेक’ यांच्याबाबतीत तर आपण आणि ते एकाच बाजूला आहोत. त्यांच्याकडे दोन्हींसाठी बहुतेक ठिकाणी ‘लाम’ चालते आणि आपल्याकडे ‘करणे’. त्यामुळे ‘मेक होमवर्क’ त्यांच्याही वहीत असते आणि आपल्याही होती. ‘मेक द बेड’ तर मराठी शिक्षिकेलाच चकवते. आपण रात्री अंथरूण घालतो आणि सकाळी काढतो. इंग्रजीतले ‘मेक द बेड’ हे बहुधा सकाळचे, पलंग आवरण्याचे काम आहे. व्हिएतनामी मुलेही पलंग ‘आवरणे’ असेच म्हणतात, म्हणून येथे मराठीतून समजावणे सोपे जाते.

जुने मास्तर:
या निमित्ताने ‘लॉन्ड्री’बद्दल बोलतो. मार्गदर्शिकेत हा शब्द मराठी म्हणून घालू नये. आपल्याकडे लॉन्ड्री म्हणजे दुकान. तिथे कपडे टाकायचे आणि इस्त्री होऊन आणायचे. इंग्रजीत धुण्याचे कपडे आणि ते धुण्याचे काम, दोन्हीला लॉन्ड्री म्हणतात. ‘शी डज द लॉन्ड्री’ हे वाक्य मराठी कानाला ‘ती लॉन्ड्री चालवते’ असे वाटू शकते. ‘धुणे’ हा एकच शब्द कपड्यांना आणि कामाला दोन्हीकडे लागू पडतो, मग तोच लिहावा. ‘डस्टिंग’लाही ‘झटकणे-पुसणे’ आहे.

रोजनिशी:
मास्तर, शहरात काम करणाऱ्या बायकाच आता ‘डस्टिंगचे वेगळे पैसे पडतील’ असे सांगतात, आणि ज्यांचे ते काम आहे त्यांच्या तोंडचा शब्द अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. मी घरकामगार बायकांच्या बैठकांना जाते. या पाठात कामांची नावे आहेत, पण ते काम करणाऱ्या माणसाचे नाव काय द्यायचे, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

व्हिएतनाममध्ये घरकामाच्या बाईला बोलीत ‘ओ-सिन’ म्हणतात. ‘ओशिन’ ही १९८३ साली जपानमध्ये सुरू झालेली दूरचित्रवाणी मालिका तिथे नव्वदच्या दशकात अतिशय लोकप्रिय झाली, आणि लहानपणी दुसऱ्याच्या घरी कामाला लागलेल्या तिच्या नायिकेचे नाव सामान्यनाम होऊन बसले. आदराचा शब्द ‘ङुओई यूप विएक’, म्हणजे कामात मदत करणारी व्यक्ती. २०१२च्या तिथल्या कामगार संहितेने घरकामगारांना स्वतंत्र तरतुदी दिल्या, त्या याच आदराच्या नावाने. विद्यार्थी ‘मेड’ लिहील, ‘हेल्पर’ लिहील, तेव्हा त्याच्या मनात या दोनांपैकी कोणता शब्द आहे हे शिक्षिकेने विचारायला हवे. मराठीतही ‘मोलकरीण’, ‘कामवाली’, ‘मावशी’ आणि ‘घरकामगार’ हे एका तोलाचे शब्द नाहीत.

जुने मास्तर:
‘घरकामगार’ मला पूर्ण मान्य आहे. परंतु २००८च्या महाराष्ट्राच्या कायद्याचे नाव पाहा: ‘घरेलू कामगार कल्याण मंडळ’. ‘घरगुती’ हा शब्द हाताशी असताना हिंदीतला ‘घरेलू’ कशासाठी? ‘मोलकरीण’ या शब्दाचेही मला समर्थन करावेसे वाटते. मोल घेऊन काम करणारी, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्यात हीन काही नाही.

रोजनिशी:
व्युत्पत्तीत हीन नसेल, वापरात आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला वीस वर्षांचा मुलगा ‘मोलकरीण आली’ असे म्हणतो तेव्हा ‘मोल’ या शब्दाचा अर्थ तिच्या उपयोगाचा नसतो. आणि ‘घरेलू’ या शब्दाखाली नोंदणी होऊन ज्यांच्या हातात ओळखपत्र आले, त्यांना तो शब्द आता आपला वाटतो.

बार्देसकर:
मी गोव्याचा आहे आणि मला फावल्या वेळाबद्दल लिहायचे आहे, कारण कामाच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो. ‘लेझर’ला ‘फुरसत’ म्हणावे की ‘सवड’, ‘उसंत’ की ‘विरंगुळा’? सवड काढावी लागते, उसंत मिळत नाही, फुरसत असते किंवा नसते, आणि विरंगुळा हा वेळच नव्हे, तर त्या वेळात मन रमवणारी गोष्ट आहे. आमच्याकडचा ‘सुशेगाद’ पोर्तुगीजमधून आलेला आहे, पण तो माणसाच्या स्वभावाला लागतो, घड्याळातल्या तासाला लागत नाही. वर ‘विएक न्या’मधला ‘न्य’ आला आहे. त्यांच्या रोमन लिपीत तो पोर्तुगीज पद्धतीने लिहितात, कारण ती लिपी सतराव्या शतकात तिथे गेलेल्या मिशनऱ्यांनी घडवली. १६५१ साली रोममध्ये छापलेला त्यांचा कोश व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन अशा तीन भाषांचा होता. गोव्याच्या माणसाला ही वर्णरचना ओळखीची वाटते.

छंदाचेही असेच आहे. व्हिएतनामी ‘सो थिक’मध्ये आवड आणि छंद दोन्ही बसतात. म्हणून ‘माय हॉबी इज नूडल्स’ असे वाक्य येते, आणि शिक्षिकेने ते ‘मला नूडल्स आवडतात’ असे वाचले तर तिला चूक चटकन सापडेल. रिकाम्या वेळाकडे दोन्ही समाज साशंकतेने पाहतात. आपल्याकडे रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, आणि रिकामपणातून वाईटच निपजते अशा अर्थाची चिनी वळणाची म्हण तिकडे आजही बोलतात.

सायगॉनकर:
‘ब्रेडविनर’ विसरू नये. तिकडच्या दहावीच्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा पहिलाच पाठ कुटुंबजीवनावर आहे आणि त्यात ‘ब्रेडविनर’ आणि ‘होममेकर’ शेजारी शेजारी येतात. भात खाणाऱ्या मुलांना पावाचा संबंध लागत नाही. त्यांच्याकडे घरच्या कमावत्याला घराचा खांब म्हणतात, आणि चरितार्थाच्या साधनाला ‘कन काउ कम’, म्हणजे भात मिळवण्याची गळाची काठी. आपला ‘कर्ता’ त्या खांबाच्या जवळचा आहे. ‘होममेकर’ला त्यांचा शब्द ‘नोई चो’, चिनीतून आलेला, अर्थ ‘आतली मदत’. ‘गृहिणी’ या शब्दात मदतनीसपणा नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुस्ती:
सर्वांचे आभार. आता एक शब्द असा मांडते ज्यात काम आणि फावला वेळ दोन्ही गुंतले आहेत: ‘ङी’. आरंभीचा ङ देवनागरीत नेमका लिहिता येतो ही आपली सोय. मूळ अर्थ थांबणे, विसावणे. त्याला ‘फेप’, म्हणजे परवानगी, जोडली की ती कचेरीतली रजा. ‘होक’ जोडले की शाळेला दांडी किंवा सुट्टी. ‘विएक’ जोडले की नोकरी सोडणे. ‘हिउ’ जोडले की निवृत्ती. विद्यार्थी या सर्वांना ‘रेस्ट’ म्हणतो. ‘माय फादर रेस्टेड हिज जॉब’ या वाक्यात वडील दमले होते, रजेवर होते की निवृत्त झाले, हे कळायला मार्ग नाही. आपली ‘रजा’ही अरबीतल्या संमती या अर्थाच्या शब्दावरून आली आहे, त्यामुळे ‘ङी फेप’ शिकवताना मराठी शिक्षिकेच्या हाती उत्तम दाखला आहे.

‘हँग आउट’ही नोंदवून ठेवते. कपडे वाळत घालणे आणि मित्रांबरोबर वेळ घालवणे, दोन्ही त्यातच आहे, आणि तो एकाच पाठात घरकाम आणि विरंगुळा अशा दोन्ही यादींत आला आहे. व्हिएतनामीत पहिल्याला ‘फोई’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘दी चोई’, म्हणजे खेळायला जाणे. म्हणून नोकरदार माणसेही ‘आय गो प्ले विथ माय फ्रेंड्स’ असे लिहितात.

ओवी:
रजेच्या यादीत ‘खाडा’ हवा. बाई आली नाही की आपण ‘आज खाडा’ म्हणतो. तो रजाही नाही, सुट्टीही नाही.

जुने मास्तर:
‘खाडा’ हा ‘खंड’पासून आला असावा, असे माझे मत आहे. कामात पडलेला खंड, तो खाडा.

बार्देसकर:
मास्तर, नाद जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. मधली रूपे दाखवल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही.

रोजनिशी:
व्युत्पत्ती काहीही असो, ‘खाडा’ हा कामावर ठेवणाऱ्याचा शब्द आहे. तो दिनदर्शिकेवर फुली मारून ठेवतो आणि महिनाअखेरीस पैसे कापताना मोजतो. ती बाई स्वतः ‘सुट्टी घेतली’ असे सांगते. मार्गदर्शिकेत घालायचाच असेल तर हे लिहून घालावे.

जुने मास्तर:
घाला, तसे लिहून घाला. पण ‘चोअर’समोर ‘वरकाम’ ठेवा आणि स्वयंपाक वेगळ्या ओळीत लिहा. माझा आग्रह कायम आहे.

ओवी:
आणि माझा जोडशब्दांचा.