घरगुती संगणकावर फ्रीलान्स लेखन : विषय, स्क्रीनशॉट, फॉन्ट, मानधन

निळा_पडदा

घरच्या संगणकाबद्दल (विंडोज, वायफाय, प्रिंटर, बॅकअप वगैरे) मासिकं आणि पुरवण्यांसाठी फ्रीलान्स लिहायचं आहे. तांत्रिक बाजू पक्की आहे, छापील लेखाच्या पद्धती माहीत नाहीत. एका पाक्षिकाने ‘संगणक मंद का होतो’ यावर १२०० शब्द आणि चार चित्रं मागितली आहेत. विषय एवढाच ठेवावा की आवळावा? पायऱ्या किती बारीक द्याव्यात? स्क्रीनशॉट नुसते जोडून चालतात का? आणि मानधन व हक्क यांबद्दल आधी काय विचारून घ्यावं? अनुभवींनी सांगावं.

रॅमदास

आवळाच. ‘मंद का होतो’ यावर १२०० शब्दांत फक्त यादी होते, आणि तशी यादी वाचकाने दहा वेळा वाचलेली असते. त्याऐवजी एकच प्रश्न घ्या: ‘सात वर्षं जुन्या लॅपटॉपला एसएसडी घ्यावी की रॅम?’ (एसएसडी म्हणजे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी, म्हणजे एचडीडीऐवजी, बसवायची वेगवान चिपची डिस्क; रॅम म्हणजे चालू कामांसाठीची मेमरी.) याचं उत्तर वाचक स्वतः शोधू शकतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्स टॅबवर जायचं. काही काम चालू नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल आणि प्रकार ‘एचडीडी’ दिसत असेल तर एसएसडी. नेहमीची कामं उघडी असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या पुढे राहत असेल तर रॅम. त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच डाखलेली आहे, ती बदलता येत नाही. ही ओळ लेखात नसेल तर वाचक रॅम विकत घेऊन येतो आणि मग संपादकाला पत्र येतं.

पायऱ्यांबाबत नियम एकच: इशारा पायरीच्या आधी, नंतर नाही. वाचक लेख बाजूला ठेवून एकेक ओळ करत जातो, पुढचा परिच्छेद वाचून मग सुरुवात करत नाही. ‘टेम्पररी फाइल्स काढा’ हे सगळेच लिहितात, पण सेटिंग्जमधल्या त्याच यादीत ‘डाउनलोड्स’चीही चौकट असते. तिथे खूण केली की बँकेची स्टेटमेंट, लग्नाचे फोटो, सगळं जातं. तसंच ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ काढलं की जुन्या आवृत्तीवर परतायचा मार्ग बंद होतो. वनड्राइव्हमध्ये जोडलेल्या डेस्कटॉपवरून फाइल डिलीट केली की ती क्लाउडमधूनही जाते. जागा हवी असेल तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’.

आणि बायोसला (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगना) हात लावायला सांगणार असाल तर दोनदा विचार करा. विंडोज ११ होमवरसुद्धा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू झालेलं असू शकतं. बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ हे सुरक्षेचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं मुलाने उघडलेलं असतं आणि मुलगा असतो सिएटलला. ही रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घेणं ही पायरी क्रमांक एक.

पायऱ्या स्वतःच्या रोजच्या संगणकावर तपासू नका, त्यावर आपण शंभर गोष्टी बदललेल्या असतात. व्हर्च्युअलबॉक्स ७ (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये विंडोज ११ बसतं (टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपची सोय चालू करा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क द्या). मायक्रोसॉफ्टची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्या, पायऱ्या करा, परत मागे जा.

खिळेजुळारी

रॅमदास यांचं बाकी पटलं, एक सोडून. ती चाचणी आवृत्ती एंटरप्राइझ असते, वाचकाकडे असते होम. ग्रुप पॉलिसी एडिटर (जीपीएडिट, विंडोजचे नियम बदलायचं साधन) होममध्ये नाही, विंडोज सँडबॉक्स (प्रोग्रॅम वेगळा ठेवून तपासायची सोय) नाही. लेखात ‘जीपीएडिट उघडा’ छापलं की बहुतेक वाचक तिथेच अडकले. शिवाय व्हर्च्युअल मशीनला वायफाय कार्ड दिसत नाही, तिला ते साधं केबलचं नेटवर्क वाटतं. वायफाय, प्रिंटर, ब्लूटूथवरचा लेख असेल तर खरा लॅपटॉपच हवा, होम आवृत्तीचा, त्यावर नवीन लोकल खातं उघडून.

आता चित्रं. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. कॉलम ८.५ सेंमी रुंद असेल तर साधारण १००० पिक्सेल हवेत. पूर्ण पडद्याचा १९२० पिक्सेलचा स्क्रीनशॉट त्या कॉलमात बसवला की अक्षरं मुंगीएवढी. उलट ४०० पिक्सेलची छोटी खिडकी कॉलमभर ताणली की फुटते. फोटोशॉपमध्ये ७२ चा आकडा ३०० केल्याने पिक्सेल वाढत नाहीत, ही समजूत काढून टाका. उपाय चित्र घेण्याआधी करायचा: डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० किंवा २०० टक्के करा, मग ऑल्ट-प्रिंटस्क्रीनने फक्त चालू खिडकी पकडा. ब्राउझर असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह.

फाइल पीएनजी. जेपीईजीत बारीक अक्षरांभोवती धूळ येते. वर्डमध्ये चिकटवून पाठवू नका, सेव्ह करताना वर्ड चित्र दाबतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. डार्क मोड बंद ठेवा: वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि काळ्यावरची पांढरी अक्षरं बुजतात. पान एकरंगी असेल तर चित्र ग्रेस्केल करूनच द्या. ईमेल, खात्याचं नाव, वायफायचं नाव यावर ब्लर नको, भरीव पट्टी टाका. धूसर केलेला मजकूर कधीकधी परत वाचता येतो.

फॉन्टचं त्याहून अवघड. पाक्षिकाची पानं अजून पेजमेकर किंवा जुन्या क्वार्कवर (पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर) लागत असतील तर तुमचा युनिकोड (आजच्या सर्वमान्य पद्धतीतला) मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या) फॉन्टमध्ये बदलला जाणार. तिथे काही ठराविक अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’मधला आडवा रफार दोन तऱ्हांनी टाइप होतो (एकात नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यात र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह) आणि बरेच कन्व्हर्टर एकच ओळखतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या कन्व्हर्टरला ते ठाऊकच नाही, म्हणून ‘ॲप’चं नुसतं ‘प’ होतं. सगळ्यात वाईट म्हणजे रोमन लिपीतल्या कमांड. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागा वापरतात, त्यामुळे कमांडची जागा अर्थहीन देवनागरी घेते. मजकुरासोबत पीडीएफ द्या, कमांड वेगळ्या चित्रात द्या, आणि पान लागल्यावर पीडीएफ मागून फक्त ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि रोमन एवढंच शोधा. कमांड ओळीच्या शेवटी तुटली नाही ना तेही बघा. तुटली की जुळारी (पान जुळवणारा) संयोगचिन्ह घालतो आणि वाचक तेही टाइप करतो.

निळा_पडदा

दोघांचेही आभार. कन्व्हर्जन त्यांच्याकडे की माझ्याकडे, हे विचारलंच नव्हतं. याच पाक्षिकाने दिवाळी अंकासाठी लॅपटॉप खरेदीवरही लेख सुचवलाय, एक दुकानदार परीक्षणाला लॅपटॉप द्यायला तयार आहे. घ्यावा का?

तळटीप

घ्या, पण परत करा, आणि परत केल्याचा ईमेल जपून ठेवा. व्यवसायाच्या निमित्ताने मिळालेली वस्तू ठेवून घेतली आणि वर्षातली किंमत २०,००० च्या वर गेली तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस (देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) भरावा लागतो, म्हणजे ते तुमचं उत्पन्न. वापरून परत केलेल्या वस्तूला हे लागत नाही. लेखाखाली ‘परीक्षणासाठी लॅपटॉप उसना मिळाला होता’ ही ओळ हवीच. दुकानदाराला मजकूर आधी दाखवायचा नाही.

दिवाळी अंकाची एक गोम आहे. लेख पावसाळ्यात जातो, वाचला जातो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि विंडोजची वार्षिक आवृत्ती नेमकी त्याच सुमारास येते: २३एच२ आली ३१ ऑक्टोबर २०२३ ला, २४एच२ १ ऑक्टोबर २०२४ ला, २५एच२ ३० सप्टेंबर २०२५ ला. म्हणून दिवाळी अंकात मेन्यूतल्या पायऱ्या टाळा, निवडीचे निकष लिहा. रॅम पुढे वाढवता येते का, दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) आहे का, चार्जर टाइप-सी आहे का. किमती द्यायच्याच तर पट्टा द्या आणि महिना लिहा. नेहमीच्या अंकातल्या लेखाला ‘विनव्हर’ या कमांडने दिसणारी विंडोजची आवृत्ती आणि तपासल्याचा महिना अशी चौकट जोडा.

मानधनाचं: रक्कम लेखामागे की शब्दामागे, चित्रांचे वेगळे का, लेख स्वीकारून छापला नाही तर काय, आणि पैसे प्रकाशनानंतर किती दिवसांनी, हे चार प्रश्न होकाराच्या ईमेलमध्येच. बिलावर पॅन घाला, नाहीतर टीडीएस कापायची वेळ आली की १० ऐवजी २० टक्के कापतात. एका संस्थेकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलं तरच टीडीएस बंधनकारक आहे (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० होती). कापलेलं प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करपत्रकात (२६एएसमध्ये) दिसतंय का ते दर तिमाहीला बघा. छोट्या प्रकाशनांत कापतात पण भरत नाहीत, असं घडतं.

हक्कांबाबत १९५७ चा कॉपीराइट कायदा फ्रीलान्सरच्या बाजूचा आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मात्र मासिकाने पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या फोटोंचं उलट आहे, तिथे वेगळा करार नसेल तर मालकी त्यांची. रॅम बसवतानाचे फोटो स्वतःच्या खर्चाने काढा. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ आली तर ‘छापील आवृत्तीत प्रथम प्रसिद्धीचा हक्क’ एवढीच सुचवा. संकेतस्थळाचे पैसे वेगळे मागता येतात. या क्षेत्रात मानधन थोडं आहे, त्यामुळे तोच लेख सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीवर तपासून दुसरीकडे देता येणं यावरच गणित बसतं.

खिळेजुळारी

कन्व्हर्जन त्यांच्याकडेच ठेवा. तुम्ही केलंत तर चुकांचं खापर तुमच्यावर, शिवाय श्रीलिपीच्याही आवृत्त्या अनेक, त्यांची कोणती ते जुळारीच जाणे.