मुलीचा हिजाब आणि तिचे व्हिडिओ: थांबवावे का?

प्रश्न (चिपळूणची आई)
माझी मुलगी अकरावीत शिकते आणि गेल्या सहा महिन्यांपासून स्वतःहून हिजाब बांधते. आमच्या घरी सक्ती कधीच नव्हती. सासूबाई लुगड्याचा पदर डोक्यावरून घेत, मी ओढणी घेते. ही मात्र मलेशिया-इंडोनेशियातील मुलींचे व्हिडिओ पाहून रोज सकाळी वीस मिनिटे आरशासमोर असते, आणि आता तिला स्वतःचेही व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायचे आहेत. जे वस्त्र नजरेआड राहण्यासाठी, तेच हजारो अनोळखी माणसांना दाखवायचे, हे मला उमगत नाही. तिला थांबवावे का?

उत्तर (दापोली)
आपा, मी बारा वर्षे हिजाब बांधते आहे. झाकणे आणि नटणे यांचे वैर आहे, हे मला पटत नाही. आपल्या आज्याही लुगड्याचा काठ पारखूनच घेत होत्या. शिवाय त्या वीस मिनिटांत सगळा वेळ हौसेचाच जात नसावा. आपल्या दमट हवेत जॉर्जेट घसरते म्हणून आत सुती टोपी घालावी लागते, हनुवटीखालची पिन घामाने गंजून कापडावर तांबूस ठिपका सोडते, आणि पावसाळ्यात जर्सी कापडाचा हिजाब दोन दोन दिवस वाळत नाही. हे सारे मला कोणत्या दुकानदाराने नव्हे, अशा व्हिडिओंनीच शिकवले.
मात्र बाजाराविषयीची तुमची शंका रास्त आहे. हलिमा एडन ही मॉडेल २०१८ मध्ये ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर हिजाबात झळकली आणि २०२० मध्ये, या कामापायी आपल्या हिजाबाशी तडजोड होत गेली असे सांगून, तिने ते क्षेत्र सोडले. मुलीला ही हकीकत जरूर सांगा.

उत्तर (रत्नागिरी, निवृत्त शिक्षिका)
ताई, मी हिंदू आहे, त्यामुळे धर्माविषयी बोलणार नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाबावर घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले, कारण डोक्यावरच्या कापडापायी मुलीचे शिक्षण अडावे हे मला कधीच मान्य झाले नाही. त्याच मनाने मी इराणच्या महसा अमिनीसाठीही रडले. हिजाब नीट घातला नाही म्हणून तिला पकडले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कोठडीत असतानाच ती कोसळली आणि रुग्णालयात मरण पावली. तुमची मुलगी स्वतः ठरवते आहे, हेच मला सर्वांत मोलाचे वाटते. उद्या तिने हिजाब काढायचे ठरवले, तरी घरात तिला हीच मोकळीक मिळेल ना?

उत्तर (श्रीवर्धन)
मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता घेऊन त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडला होता. म्हणून खाते खाजगी ठेवावे, अनोळखी लोकांना त्यात घेऊ नये, आणि महाविद्यालयाचे नाव किंवा गणवेश चित्रात येऊ देऊ नये. थांबवू नका, पण पहिले काही व्हिडिओ तिच्या शेजारी बसून पाहा.

चिपळूणची आई
शिक्षिकाताई, तुमच्या प्रश्नाला लगेच ‘हो’ म्हणता आले नाही, हे कबूल करते. रात्री मुलीलाही तेच सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली, मग खाते खाजगी ठेवायला तयार झाली. दापोलीच्या आपा, तिच्या फिकट हिजाबावरही हनुवटीपाशी तसाच तांबूस ठिपका निघाला. तो कशाने जातो?