समृद्धीवर सुख, वर्धा रोडवर धडकी: एडास शहरात चालू ठेवता का?

तीन आठवडे झाले नवी गाडी घेऊन, लेव्हल २ एडासवाली, म्हणजे वेग, ब्रेक अन् स्टीअरिंगला आपोआप मदत करणारी यंत्रणा असलेली. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धीला लागलो, क्रूझ (ठरवलेला वेग राखणारी सोय) ताशी १०० वर लावला, तर जालन्यापर्यंत पाय जवळपास मोकळाच. पुढचा ट्रक हळू झाला की गाडीही आपोआप हळू. बाबा शेजारी बसून कौतुकानं पाहत होते.

शहरात मात्र उलटंच. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांजवळ ऑटो आडवा घुसला आणि गाडीनं असा करकचून ब्रेक मारला, की मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही काय करता?

उत्तर १
भाऊ, क्रूझ आणि लेन असिस्ट शहरात बंदच ठेवा. कॅमेरा पट्ट्या पाहून लेन ओळखतो, अन् आपल्याकडे अर्ध्या पट्ट्या पुसलेल्या. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र बंद करू नका. फक्त आरशात मागचं पाहत राहा.

उत्तर २
मला समृद्धीचीच जास्त काळजी वाटते. सरळ, एकसुरी रस्ता, डोळा लागतो. लेव्हल २ मध्ये जबाबदारी पूर्णपणे चालकाची. बाबा सोबत असतात ना? मग दर दोन तासांनी थांबाच.

प्रश्नकर्ता
थांबेन दादा, नक्की. परवाच्या पावसात ‘कॅमेरा अडला’ अशी सूचना आली होती, ते का?

उत्तर १
कॅमेरा आतल्या आरशामागे पुढच्या काचेला असतो. तिथे आतून वाफ धरली असेल. काचेवर एसी सोडा, अन् तोवर गाडी स्वतःच चालवा.